सोळा वर्षांचं मूल कुठल्या तिकिटात बसतं

कोपनहेगनच्या मेट्रोत सोळा पूर्ण होईपर्यंत तुम्ही मूल असता, अर्धं तिकीट. विमानात मात्र बारा पूर्ण झाली की मोठे, भाडं पूर्ण. पण इंग्लंडहून उडताना तिकिटावर जो सरकारी टॅक्स लागतो तो इकॉनॉमीत सोळाखालच्यांना माफ, म्हणजे एकाच तिकिटात तेरा वर्षांची मुलगी भाड्यापुरती मोठी आणि टॅक्सपुरती लहान. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या लेखी बारा पूर्ण झाल्यापासून बोटांचे ठसे द्यायचे आणि फीसुद्धा मोठ्यांइतकी. डेन्मार्कच्या नॅशनल म्युझियममध्ये अठरा होईपर्यंत फुकट. कोपनहेगनच्या टिव्होली ह्या पाळण्यांच्या बागेच्या गेटवर आठ वर्षांचं पोर म्हणजे मोठा माणूस, आणि आत गेल्यावर पाळण्यांपाशी वय कोणी विचारतच नाही, उंची मोजतात. आणि हो, सोळा पूर्ण झाली की डेन्मार्कमध्ये दुकानात जाऊन हलकी बियर विकत घेता येते, बारमध्ये मात्र अठरा लागतात. (ही शेवटची माहिती मी शोधलेली नाही, ती मला घरातूनच मिळाली, फार उत्साहाने.)

हे सगळं तोंडपाठ व्हायचं कारण म्हणजे ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला, म्हणजे सत्राच्या मध्यावरच्या शाळेच्या सुट्टीत, आम्ही चौघं कोपनहेगनला जाऊन आलो आणि त्याआधी कितीतरी रात्री मी एक एक्सेल शीट उघडून बसलेली असायचे, एका कॉलममध्ये मोठा, वय सोळा, दुसऱ्यात धाकटी, वय तेरा, आणि प्रत्येक ओळीत तोच प्रश्न, इथे हा कोण, ही कोण. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, मुलं इथेच जन्मली, मराठी समजतं सगळं आणि बोलतात सोयीनुसार. मोठ्याची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, संपून ए-लेव्हल, म्हणजे अकरावी-बारावी, सुरू झालेली, धाकटीला तेरावं लागून त्या तेरापणाची नवी धार आलेली. यायचंय का असं विचारलं की दोघांचं उत्तर एकच, आय डोंट माइंड. हे वाक्य ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना माहितीये की ह्याचा अर्थ हो पण नसतो आणि नाही पण नसतो, ह्याचा अर्थ तुम्ही ठरवा, मग मी तिथे येऊन कंटाळून दाखवतो असा असतो.

माझं एक मत आहे, आणि ते आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर फारसं कोणाला पटलेलं नाही. टीनएजर मुलांबरोबर शहराची छोटी ट्रिप प्लॅन करायची तर ती मुलं तुमच्याबरोबर नसतील त्या तासांपासून प्लॅन करायला लागायचं. काय दाखवायचं हे नंतर. आधी हे बघायचं की ह्या शहरात मी ह्या दोघांना दोन-तीन तास मोकळं सोडू शकते का, आणि सोडल्यावर मी स्वतः शांतपणे कॉफी पिऊ शकते का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर शहर पास. मैत्रिणी म्हणतात, अगं मग फॅमिली ट्रिप कशाला म्हणायचं? पण चौघांनी चोवीस तास एकमेकांच्या मागे मागे फिरणं, दुपारी चारला कोणीतरी रुसून फुटपाथवर उभं राहणं, ही फॅमिली ट्रिप आम्ही करून बसलोय, एका फार सुंदर शहरात, आणि त्या शहराचे फोटो आम्ही अजून कोणी उघडत नाही.

तर स्कँडिनेव्हिया हे धाकटीने काढलं, तिच्या फोनमध्ये तिकडचं काहीतरी सतत चालू असतं. व्हॉट्सॲपवर पोल टाकला, स्टॉकहोम, ओस्लो, कोपनहेगन. नवऱ्याचा जीव स्टॉकहोममध्ये, कारण तिथे वासा आहे, १६२८ साली पहिल्याच सफरीला निघून बंदरातच कलंडून बुडालेलं राजाचं जहाज, ३३३ वर्षांनी, १९६१ साली, वर काढलं, आणि जवळजवळ आख्खं शाबूत. जहाज वर जड, खाली अरुंद, तोफांचे दोन मजले, आणि राजाला घाई. नवरा प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्याला ही गोष्ट का आवडते ते सांगायला नको. मला ओस्लोचं ऑपेरा हाऊस बघायचं होतं, ज्याच्या छतावर लोक चालत जातात. पण आमच्या हातात लाँग वीकेंड आणि त्याला जोडलेली थोडीशी शेपटी. स्टॉकहोमचा आर्लांडा विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर, ओस्लोचा पन्नासच्या आसपास, आणि कोपनहेगनचा कास्ट्रुप आठ. मेट्रो थेट विमानतळात येते, पंधरा मिनिटांत गावाच्या मध्यभागी, दिवसरात्र चालू, आणि ड्रायव्हर नाही, त्यामुळे सगळ्यात पुढच्या काचेपाशी बसून बोगदा बघता येतो, जे करायला सोळा वर्षांचा मुलगा पण लाजत नाही. छोट्या ट्रिपला हा हिशोब फार मोठा असतो. नवऱ्याला म्हटलं, वासा तीनशे तेहतीस वर्षं थांबली, अजून एक-दोन वर्षं थांबेल.

मग व्हिसा. ह्यात आमच्या घराचे दोन भाग पडतात, मुलांचे पासपोर्ट ब्रिटिश आणि आमचे दोघांचे अजून निळे भारतीय. मुलांना काहीच लागत नाही, पासपोर्ट उचलायचा आणि चालू पडायचं. आई-बाबांना बँक स्टेटमेंट, ऑफिसचं पत्र, हॉटेलचं बुकिंग, तीस हजार युरोचा विमा, अपॉइंटमेंट, नव्वद युरो फी आणि फोटो, ज्यात आपण नेहमी नुकतंच कोणीतरी रागावल्यासारखे दिसतो. घरात रोज मी ह्यांना जा-ये-कधी-कुठे-कोणाबरोबर विचारते आणि इथे एक काउंटरवरची बाई मला तेच विचारत होती. मोठा बरोबर आला होता, बाजूला बसून मजा बघत होता. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी एवढंच सांगते की अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि हाफ-टर्मच्या तारखांना सगळ्या इंग्लंडला एकदम जायचं असतं, म्हणून अपॉइंटमेंट आधी बघा आणि विमान नंतर. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायची नवी पद्धत सुरू झालीय, तिथे ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनाही सूट नाही, आणि ठशांची रेषा परत बाराचीच. आमच्याकडे दोघंही बाराच्या वर असल्यामुळे इथे तरी वाद झाला नाही.

तारखांबद्दल थोडं. डेन्मार्कच्या शाळांना शरद ऋतूतली सुट्टी असते ती बेचाळिसाव्या आठवड्यात, आणि ते लोक सुट्टी तारखेने नाही, आठवड्याच्या नंबराने बोलतात, आठवडा बेचाळीस म्हटलं की सगळ्यांना कळतं. जुनं नाव बटाट्याची सुट्टी, कारण पूर्वी मुलांना शेतातले बटाटे काढायला घरी लागायचं. आमची हाफ-टर्म त्याच्या एखाद-दोन आठवडे नंतर येते, म्हणजे तिथली पोरं शाळेत परत गेलेली, गर्दी कमी, आणि टिव्होलीचं हॅलोवीनचं सजवणं मात्र अजून चालू. वाईट बाजू अशी की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि मग संध्याकाळी साडेचारच्या पुढे अंधार पडायला लागतो. जूनमध्ये तिथे सतरा तासांच्या वर उजेड असतो, ज्यांना शक्य आहे त्यांनी जूनमध्ये जावं. पण टीनएजर मुलं सकाळी दहाच्या आधी उठत नाहीत, उठली तरी ती खरी उठलेली नसतात, म्हणून उजेडाचा कार्यक्रम दुपारी आणि बाकीचं अंधारात असा बेत करावा लागतो, आणि कोपनहेगनला ते बरं जमतं. छत्री नेऊ नका. पाऊस फार नसतो पण वारा असा असतो की छत्रीचं काही खरं नाही, टोपीवालं जॅकेट पाहिजे, आणि हे धाकटीला सांगून उपयोग नाही, तिला वारा सांगेल.

राहायला हॉटेलात फॅमिली रूम म्हणतात ती बघितली, बहुतेक ठिकाणी दोन मोठे आणि दोन मुलं, आणि मुलं म्हणजे त्यांच्या डोळ्यासमोर सोफ्यावर आडवी झोपणारी छोटी मुलं. सहा फुटाला टेकलेला मुलगा सोफा-कम-बेडवर आणि त्याच खोलीत बहीण, नको. आम्ही छोटा अपार्टमेंट घेतला नॉरेपोर्ट स्टेशनपासून चालत, आणि मला वाटतं ट्रिपमधली ही सगळ्यात चांगली खर्चलेली रक्कम, कारण नॉरेपोर्टला मेट्रो, लोकल गाड्या, समुद्राच्या कडेने उत्तरेला जाणारी ट्रेन सगळं येतं, म्हणजे कोणीही हरवलं तरी शेवटी नॉरेपोर्टलाच येतं. पलंग डबल पण पांघरुणं दोन वेगवेगळी, डॅनिश लोकांची ही पद्धत मला इतकी पटली की घरी आल्यावर आम्ही तेच चालू केलं.

आता कार्डाचा हिशोब, कारण हे सगळे विचारतात. कोपनहेगन कार्ड म्हणून एक पास मिळतो, त्यात प्रवास आणि बरीचशी बघायची ठिकाणं येतात, मोठ्या माणसाबरोबर अकरा वर्षांपर्यंतची दोन मुलं फुकट. म्हणजे लहान मुलांच्या आईबापांनी डोळे मिटून घ्यावं. पण टीनएजरला त्याचं वेगळं कार्ड लागतं, आणि गंमत अशी की नॅशनल म्युझियम, आर्टचं मोठं म्युझियम, रोझेनबॉर्गचा किल्ला, शहराबाहेरचं लुईझियाना म्युझियम, सगळीकडे अठराखाली फुकटच आहे. म्हणजे जिथे मुलांना पैसेच पडत नाहीत तिथे जायचं कार्ड मुलांसाठी विकत घ्यायचं. आम्ही आमच्या दोघांपुरतं घेतलं आणि मुलांना नुसते प्रवासाचे पास, तेही धाकटीचं अर्धं आणि मोठ्याचं पूर्ण. मोठा म्हणाला, पूर्ण तिकीट आहे ना, मग मला पूर्ण माणूस म्हणून वागवा. हे वाक्य त्याने पुढे पुष्कळ ठिकाणी वापरलं.

मग बघायचं काय. आमचा नियम असा ठरला की प्रत्येकाने एक हट्ट सांगायचा, त्यावर बाकीच्यांनी हू की चू करायचं नाही, आणि बाकी सगळं मोकळं. नवऱ्याचा हट्ट पूल. धाकटीचा हट्ट सेकंड-हँड कपड्यांची दुकानं, नॉरेब्रो नावाच्या भागात. माझा लुईझियाना. मोठ्याने दोन दिवस काही सांगितलंच नाही, आम्हाला वाटलं परत आय डोंट माइंड, आणि मग एका रात्री जेवताना म्हणाला की मला नील्स बोरची, म्हणजे त्या अणूवाल्या डॅनिश शास्त्रज्ञाची, समाधी बघायची. फिजिक्स घेतलंय त्याने. मी कोणाकडे बघितलं नाही, पोळी वाढत राहिले, कारण अशा वेळी कौतुक केलं की मुलं हट्ट मागे घेतात.

लुईझियाना हे म्युझियम शहराबाहेर उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर हुमलेबेक गावात आहे, समुद्राच्या कडेला, पलीकडे स्वीडन दिसतं. १९५८ साली सुरू झालं. नाव अमेरिकेवरून नाही, ज्या माणसाने ते जुनं घर बांधलं त्याने तीन लग्नं केली आणि तिन्ही बायकांचं नाव लुईस, म्हणून लुईझियाना. ही गोष्ट मी ट्रेनमध्ये सांगितली आणि फोनमधून दोन्ही डोकी वर आली, एवढं यश मला पुरे आहे. बुटकी बुटकी जोडलेली घरं, काचेच्या गॅलऱ्या, मध्ये मध्ये बाग, आणि यायोई कुसामा ह्या जपानी कलाकार बाईची ती आरशांची आणि दिव्यांची खोली जिथे थोडे थोडे लोकच आत सोडतात. धाकटी माझा हट्ट म्हणून तोंड वाकडं करून आली आणि त्या खोलीच्या रांगेत परत जाऊन उभी राहिली. सोमवारी बंद असतं, पण मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं, म्हणजे दुपारी उठणाऱ्या लोकांसाठीच बनवल्यासारखं. घाईघाईत करायची जागा नाही ही, अर्धा दिवस सरळ तिच्या नावावर लिहून टाकायचा.

नॉरेब्रोमध्ये धाकटीचा आणि मोठ्याचा हट्ट एकमेकांना चिकटूनच निघाले. असिस्टेन्स नावाचं जुनं कब्रस्तान तिथे मध्यावर आहे, तिथे बोर आहेत, परीकथा लिहिणारे हान्स ख्रिश्चन अँडरसन आहेत, तत्त्वज्ञ किर्कगार्ड आहेत, आणि उरलेल्या जागेत लोक सायकल चालवतायत, उन्हात बसून सँडविच खातायत, बाबागाड्या ढकलतायत. आमच्याकडे स्मशान म्हटलं की आवाज खाली जातो, इथे बाग समजून वापरतात आणि त्यात कोणाचा अपमान होतोय असं अजिबात वाटत नाही. बोर कुटुंबाच्या खांबावर वर घुबड बसवलंय. मोठा तिथे बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, घुबड का? उत्तर कोणाकडेच नव्हतं, शहाणपणाचं असेल असं नवरा म्हणाला, आमच्याकडे लक्ष्मीचं असतं असं मी म्हटलं आणि वाद तसाच ठेवून आम्ही पुढे गेलो. तिथून थोडं वर सुपरकिलेन नावाची एक लांबट पट्टी आहे, २०१२ सालची, त्या भागात ज्या ज्या देशांचे लोक राहतात त्या देशांतून एक एक वस्तू आणून बसवलेली, मोरोक्कोचं कारंजं, थायलंडची बॉक्सिंगची रिंग, जपानची ऑक्टोपसची घसरगुंडी. फोटोत फार भारी दिसते, प्रत्यक्षात पावसाळी दिवशी थोडी उदास आहे, पण मुलांना आवडली. आजूबाजूला फलाफल आणि शावर्मा स्वस्त मिळतो, शाकाहारी माणसाने हे लक्षात ठेवावं.

नवऱ्याचा पूल म्हणजे ओरेसुंड. २००० साली झाला. कोपनहेगनहून ट्रेनमध्ये बसलं की विमानतळाच्या पुढे ती समुद्राखाली जाते, साधारण चार किलोमीटर बोगदा, मग मुद्दाम तयार केलेल्या एका बेटावर वर येते, आणि तिथून पूल, जवळजवळ आठ किलोमीटर, वर गाड्या, खाली ट्रेन, आणि समोर स्वीडन. चाळीसेक मिनिटांत माल्मो. पूल अर्ध्यातच संपवून पुढे बोगदा का केला, तर विमानतळ शेजारी, उंच खांब नकोत, आणि जहाजांना वाट पाहिजे. ट्रेनच्या खिडकीतून पुलाच्या कैच्या भराभर मागे जातात आणि समुद्र तुकड्या-तुकड्यांत दिसतो. पासपोर्ट बरोबर पाहिजे, शेंगेन असलं तरी स्वीडनच्या पहिल्या स्टेशनात पोलीस चढून बघू शकतात. माल्मोत काय? पिळवटलेल्या कपड्यासारखी १९० मीटर उंच एक इमारत, टर्निंग टॉर्सो, एक जुना चौक, चांगली कॉफी. अर्धा दिवस पुष्कळ झाला. पण नाश्ता एका देशात, जेवण दुसऱ्या आणि रात्री परत पहिल्यात हे शाळेत सांगायला मुलांना बरं पडतं.

डोंबिवलीहून माझ्या बाबांचा, म्हणजे मुलांच्या आजोबांचा फोन रोज. त्यांची सगळी नोकरी एल अँड टीच्या पवईत गेली, आणि एल अँड टी म्हणजे लार्सन आणि टुब्रो हे दोघेही डॅनिश इंजिनियर, सिमेंटची मशिनरी बनवणाऱ्या कोपनहेगनच्या एफएलस्मिथ कंपनीकडून हिंदुस्थानात आलेले, आणि १९३८ साली मुंबईत त्यांनी स्वतःचं सुरू केलं. बाबांच्या लेखी आम्ही सहलीला नाही, मूळपीठाला चाललो होतो. मुलांना हे माहीतच नव्हतं, त्यांना वाटायचं एल अँड टी म्हणजे आजोबांच्या स्टीलच्या डब्यावर कोरलेली दोन अक्षरं. मोठ्याने फोनवर अर्धा तास आजोबांशी मराठीतून बोलणं केलं, सिमेंट ह्या विषयावर. बाबांची एक फर्माईश होती, अँडरसनच्या गोष्टीतल्या जलपरीच्या पुतळ्याचा फोटो. मी स्वतः कोणाला जा म्हणणार नाही, सव्वा मीटरची मूर्ती आहे, १९१३ सालची, समोर दगडांवर माणसांची गर्दी, आणि चालत यायला लांब. पण फर्माईश ती फर्माईश. मुलांना तिच्यात रस आला तो तिचं डोकं दोनदा कापून नेलं होतं हे कळल्यावर, १९६४ आणि १९९८.

आता सोडण्याबद्दल, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. डॅनिश लोक मुलांना सोडतात. कॅफेच्या बाहेर बाबागाडीत बाळ झोपलेलं आणि आई आत काचेपलीकडे, हे मी वाचलं होतं, बघितलं तेव्हा तरी थबकलेच. तिथे चौदाव्या-पंधराव्या वर्षी चर्चमध्ये कन्फर्मेशन होतं, थोडंफार आपल्या मुंजीसारखं, नातेवाईक पैसे देतात, आणि त्यानंतरच्या सोमवारी शाळेला दांडी मारून ही सगळी पोरं मित्रांबरोबर गावात जातात, खरेदी करतात, टिव्होलीत जातात. त्या सोमवाराला निळा सोमवार म्हणतात आणि शाळांना ते माहीत असतं. बरीच मुलं त्याच वयात एखादं वर्ष एफ्टरस्कोल नावाच्या निवासी शाळेत घरापासून लांब राहतात. म्हणजे आमची दोघं रस्त्यावर एकटी दिसली तर तिथे कोणाला नवल वाटणार नव्हतं, नवल फक्त मला.

नियम थोडेच केले. दोघांनी एकत्र राहायचं, हा धाकटीला जाचक आणि मोठ्याला त्याहून. फोन चार्ज. दर वेळी भेटायची जागा आणि वेळ ठरलेली, बहुतेक वेळा टाऊन हॉलच्या चौकात अँडरसनच्या पुतळ्यापाशी, तो मान वळवून टिव्होलीकडे बघत बसलेला असतो त्यामुळे सापडतो. क्रिस्चियानियाबद्दल आधीच बोलून टाकलं, कारण ते नकाशावर दिसतंच आणि मुलांना आपल्या आधी माहिती असतं. १९७१ साली रिकाम्या लष्करी बराकी लोकांनी ताब्यात घेतल्या आणि स्वतःचं गाव वसवलं, तिथे गांजाची उघड विक्री चालायची तो रस्ता २०२४च्या एप्रिलमध्ये तिथल्या रहिवाशांनीच उखडून टाकला. ठरलं असं की तिथे चौघांनी मिळून जायचं, दिवसा. गेलो, रंगवलेल्या भिंती बघितल्या, मोठ्याने फार प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं दिली.

माझी खरी भीती चोरांची नव्हती, सायकलींची होती. कोपनहेगनमध्ये फुटपाथ आणि रस्ता ह्यांच्यामध्ये सायकलचा पट्टा असतो आणि तिथे सायकल हे ऑफिसला जायचं वाहन आहे, मजेचं नाही, लोक वेगात येतात आणि पर्यटक फोटो काढत त्यात उभा असेल तर घंटी वाजते, आणि त्या घंटीत राग स्पष्ट ऐकू येतो. भाड्याने सायकली घेतल्या त्याआधी मुलांना नियम वाचायला लावले. थांबताना हात वर. डावीकडे वळायचं तर मधूनच वळायचं नाही, आधी सरळ पलीकडे जायचं, थांबायचं, मग वळायचं. हातात फोन नाही. फुटपाथवर चढवायची नाही. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, आमच्या घरात आहे. बंदराच्या कडेकडेने, नुसत्या सायकली आणि पायी जाणाऱ्यांसाठी बांधलेल्या पुलांवरून, आयलंड्स ब्रुगेपर्यंत गेलो, तिथे त्या थंडीत माणसं बंदराच्या पाण्यात उड्या मारत होती. एकेकाळी शहराचं सांडपाणी जायचं ह्याच पाण्यात, ते साफ केलं आणि २००२ साली पोहायला पहिली जागा केली. मोठा म्हणाला, आपण पण? मी म्हटलं, पूर्ण माणूस आहेस ना, तू ठरव. त्याने पाण्यात बोटं घातली आणि ठरवलं.

पैशाचं एक सांगायचं राहिलं. डेन्मार्कमध्ये युरो नाही, २००० साली त्यांनी मतदान करून नको म्हटलं, क्रोनर आहेत, शंभर क्रोनर म्हणजे साधारण अकरा-साडेअकरा पाउंड, आणि कॉफी-केक म्हटलं की ते शंभर गेलेच समजा. सतत हे नको ते महाग करत बसण्यापेक्षा मुलांच्या कार्डांवर रोजची ठरलेली रक्कम टाकली, दुपारचं जेवण, खाऊ, खरेदी सगळं त्यातच, उरेल ते तुमचं. दुसऱ्याच दिवसापासून दोघं सुपरमार्केटातून काळा राईचा ब्रेड, चीज आणि केळी घेऊन बाकावर जेवायला लागली, आणि धाकटीच्या अंगावर एक जुनं लेदरचं जॅकेट आलं. बाटल्यांचं त्यांनीच शोधलं, बाटली-कॅनवर डिपॉझिट असतं, पांट म्हणतात, एक, दीड किंवा तीन क्रोनर, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत. घरी ज्याला कचऱ्याची पिशवी बाहेर ठेव म्हणून चारदा सांगावं लागतं तो मुलगा तिथे बाकाखालच्या रिकाम्या बाटल्या उचलत फिरत होता.

मी शाकाहारी, माझे हाल होतील असं सगळ्यांनी सांगितलं होतं. झाले नाहीत. काळ्या ब्रेडच्या कापावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मेयो, वर कुरकुरीत तळलेला कांदा, कार्टोफेलमाड म्हणतात, आपल्या वडापावचा थंड डोक्याचा चुलत भाऊच. शिवाय टोर्वेहालर्नच्या मार्केटात नुसती लापशी विकणारं दुकान आहे, लोक रांग लावून लापशी खातात, आजीला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. दिवाळीचा उरलेला चिवडा आणि चकल्या बरोबर होत्याच. ब्रिटनमधून तिकडे दूध-मांसाचं काही नेता येत नाही म्हणून पेढे घरीच संपवून निघालो.

टिव्होली शेवटच्या संध्याकाळी ठेवलं होतं. १८४३ सालची बाग, ऐन स्टेशनसमोर. प्रवेशाचे पैसे वेगळे आणि पाळण्यांचे वेगळे, त्यामुळे आम्ही दोघं कार्डावर नुसते आत आणि मुलांना पाळण्यांचा पास. तिथे १९१४ सालची लाकडी रोलर कोस्टर अजून चालते आणि तिच्या मध्यभागी एक माणूस बसून हाताने ब्रेक लावतो, दर फेरीला खरा माणूस. मोठ्याला हे त्या सगळ्या उलट्यापालट्या राइड्सपेक्षा जास्त आवडलं, ब्रेक लावायची नोकरी कशी मिळते हे त्याने विचारून घेतलं. धाकटी ऐंशी मीटर उंच साखळीच्या पाळण्यात बसून अख्खं शहर दिवे लागलेलं बघून आली आणि मला ओढून परत घेऊन गेली. मी डोळे मिटून घेतले, त्यामुळे त्याबद्दल काही लिहिता येत नाही.

लेगोलँडचं खूप जण विचारतात. ते बिलुंडला आहे, कोपनहेगनपासून अडीचशेच्या वर किलोमीटर, छोट्या ट्रिपमध्ये बसवू नका, आणि टीनएजर असतील तर मुळीच नाही. स्ट्रॉगेट हा चालण्याचा मोठा बाजाररस्ता १९६२पासून गाड्यांना बंद आहे म्हणून बघायला जा, पण दुकानं बरीचशी तीच जी रेडिंगच्या मॉलमध्ये आहेत.

परत आल्यावर आठवड्याभरात मोठ्याने एक डॉक्युमेंट शेअर केलं, पुढच्या उन्हाळ्यासाठी, तो आणि तीन मित्र, इंटररेल म्हणजे एका पासावर ट्रेनने युरोपभर, कोपनहेगनपासून सुरू करून खाली. तारखा, हॉस्टेल, प्रत्येक ठिकाणी कोणतं तिकीट लागेल त्याचा कॉलम, माझीच शीट कॉपी केलेली. काही हॉस्टेलांत अठराखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय घेत नाहीत, त्या ओळी त्याने लाल केल्यात. आणि इंटररेलचा यूथ पास बारा ते सत्तावीस वर्षांपर्यंत, ती ओळ हिरवी. मला त्यात फक्त कॉमेंट करायची परवानगी आहे, एडिट नाही. मी पहिली कॉमेंट केली, हेल्मेट. अजून उत्तर आलेलं नाही. धाकटीने मात्र तीच फाईल उघडून खाली स्वतःची एक ओळ टाकलीय, वय चौदा, आणि त्याने ती उडवलीय, आणि तिने परत टाकलीय.